ओइरासेच्या प्रवाहामागची ठसेचित्र-परंपरा

उत्तर जपानमधील आओमोरी प्रांतात तोवादा सरोवरातून निघणाऱ्या ओइरासे नदीचे शरदातले रूप चित्रकार कावासे हासुई यांनी १९३३ साली लाकडी ठशांच्या चित्रात उतरवले. त्यातली शांतता निसर्गाची आहेच. मात्र हे चित्र ज्या व्यवसायातून आले, तो तोपर्यंत दोनदा बुडता बुडता वाचला होता.

बहुरंगी ठसेछपाई एदो (आजचे टोकियो) शहरात १७६५ च्या सुमारास रुजली. पाण्याचे चित्रण बहरले ते १८३० च्या आसपास, परदेशी प्रशियन निळा रंग सहज मिळू लागल्यावर. होकुसाई आणि हिरोशिगे या ठसेचित्रकारांच्या नद्यांची आणि समुद्रांची खोली त्याच रंगाची देणगी आहे. पुढे मेइजी काळात (१८६८–१९१२) छायाचित्रण आणि शिळाछाप यांनी या धंद्याचा कणा मोडला. कारागिरांचे कसब अजून टिकून असतानाच प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी १९१५ पासून नव्या चित्रकारांना हाताशी धरून ‘शिन-हांगा’ (नवी ठसेचित्रे) चळवळ उभी केली. हासुई तिच्यात १९१८ साली आले. त्यांची पहिली ठसेचित्रे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिओबारा परिसराची होती.

१ सप्टेंबर १९२३ च्या, टोकियो परिसर हादरवणाऱ्या कांतो भूकंपानंतर भडकलेल्या आगीत वातानाबे यांचे दुकान, कोरलेले ठसे आणि हासुई यांच्या रेखाटनांच्या वह्या जळून गेल्या. त्यानंतर हासुई दीर्घ प्रवासाला निघाले आणि त्यांनी नव्याने रेखाटने जमवली. वातानाबे यांची नजर परदेशी, विशेषतः अमेरिकी, ग्राहकांवरही होती आणि या ग्राहकांना निवांत, जुना जपान हवा होता. प्रवाहकाठच्या या शांततेत बाजाराचाही वाटा आहे, तरी त्यामुळे तिचे मोल कमी होते असे मला वाटत नाही.

कारण ही शांतता अनेकांच्या हातांनी घडलेली आहे. चित्रकार रेखाटतो, कोरणारा चेरीच्या लाकडात रंगांचे ठसे कोरतो, आणि छापणारा ओलसर कागद ठशावरच्या खुणेच्या खाचांना भिडवून ‘बारेन’ नावाच्या चकतीने पाठीमागून घासतो. पाण्याचा गडद रंग हळूहळू फिका होत जातो, तो छापणाऱ्याने ठशावरचा रंग प्रत्येक प्रतीसाठी हाताने विरवत नेल्यामुळे. म्हणून दोन प्रतींतल्या छटा तंतोतंत जुळत नाहीत. १९५३ साली सांस्कृतिक वारसा जतनाच्या सरकारी समितीसाठी हासुई यांनी टोकियोतल्या झोजो-जी मंदिरातल्या बर्फाचे चित्र केले, तेव्हा त्याच्या कोरण्या-छापण्याच्या टप्प्यांचीही नोंद ठेवण्यात आली.