सैतानाशी केलेला करार: एका स्कॉटिश लोकसमजुतीची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमध्ये १५६३ साली चेटूकविरोधी कायदा झाला, तेव्हा त्यात सैतानाशी करार करण्याचा उल्लेखही नव्हता. खेडुतांचा सैतानाशी संबंध होता, पण तो शेतीपुरता. जमिनीचा एक तुकडा त्याच्या नावाने न नांगरता सोडून देण्याची रीत होती आणि उघड नाव घ्यायला नको म्हणून त्याला ‘गुडमॅन्स क्रॉफ्ट’, म्हणजे भल्या माणसाचे वावर, म्हणत. चर्चच्या महासभेने १५९४ साली या प्रथेविरुद्ध तक्रार केली होती.

कराराची कल्पना रुजली ती वरून. डेन्मार्कहून राणीसह परतताना समुद्रात झालेली वादळे चेटकिणींनी उठवली, अशा संशयावरून १५९०-९१ साली नॉर्थ बर्विकचे खटले चालले आणि सहाव्या जेम्स राजाने स्वतः आरोपींची चौकशी केली. पुढे सैतान कधी भेटला, बाप्तिस्मा कसा नाकारला, अंगावर त्याची खूण कुठे आहे, हे प्रश्न ठरूनच गेले आणि अनेक रात्री झोपू न दिलेल्या आरोपी चौकशी करणाऱ्यांना हवी ती उत्तरे देत. त्यातच १६३८ साली अवघ्या राष्ट्राने देवाशी केलेल्या करारनाम्यावर लोकांनी सह्या केल्या; अशा धर्मवातावरणात चेटकिणीचा करार त्याचीच उलटी प्रतिमा वाटला असावा, असे मला वाटते.

नेर्नजवळच्या ऑल्डर्नमधील इझोबेल गाउडी हिच्या १६६२ सालच्या चार कबुलीजबाबांत या दोन धारांचा सांधा स्पष्ट दिसतो. एक हात डोक्यावर, दुसरा तळपायावर ठेवून मधले सर्व आपण सैतानाला अर्पण केले, हे तिचे विधान चौकशीच्या साच्यातले आहे. परंतु बेडूक जुंपलेला, गवताच्या दोरांचा आणि मेंढ्याच्या शिंगाच्या फाळाचा नांगर, ज्यामुळे शेताचा कस जाऊन काटेरी झुडपे माजावीत, तो मात्र शेतकऱ्याच्या बायकोलाच सुचावा. तिला शिक्षा झाली की नाही, याची नोंद नाही.

एकूण सुमारे ३,८०० जणांवर आरोप झाले आणि त्यांत दर सहांत पाच स्त्रिया होत्या. कायदा १७३६ साली रद्द झाला. इझोबेलच्या जबाबात सैतान स्वतः घडवतो ते पऱ्यांचे बाण म्हणजे वास्तवात शेतात सापडणारी प्रागैतिहासिक गारगोटीची टोके होती; ती चांदीत मढवून ताईतासारखी जवळ बाळगण्याची चाल नंतरही टिकली.