गोव्यातल्या सूक्ष्मजीवांचं संकलन आणि जतन

उष्ण कटिबंधातल्या माती, चिखल, पाणी, पाचोळा यातून बॅक्टेरिया, बुरशी, यीस्ट वेगळे काढायचे, ओळखायचे आणि नंतर कुणीही मागितले तरी तेच जीव जिवंत देता येतील असे सांभाळायचे, याला सूक्ष्मजीव संकलन म्हणतात आणि अशा साठ्याला कल्चर कलेक्शन. गोव्यात हे काम मुख्यतः ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ आणि दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ, स्थापना १९६६) इथे होतं. विद्यापीठाच्या बॉटनी विभागाकडे बुरशीचं स्वतंत्र कलेक्शन आहे.

सगळ्यात भारी जागा म्हणजे मिठागरं. रायबंदर, नेरुल, आगरवाडा इथे उन्हाळ्यात खाडीचं पाणी आटवून मीठ काढतात, मीठ धरायला लागेपर्यंत ते पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारट झालेलं असतं आणि तिथे हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव मजेत वाढतात, पाण्याला लालसर गुलाबी छटा येते ती बरेचदा त्यांचीच. पाऊस पडला की हीच मिठागरं गोड्या पाण्याखाली जातात म्हणून सॅम्पल कधी घेतलं ते लिहून ठेवणं फार महत्त्वाचं. लॅबमध्ये यांना वाढवायला २० ते २५ टक्के मीठ घातलेलं अगार (प्लेटमध्ये ओततात ते जेलीसारखं खाद्य) लागतं. कॉलनी (जीवांचा डोळ्यांना दिसणारा ठिपका) दिसायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, तोपर्यंत प्लेट सुकून मिठाचे खडे धरू नयेत म्हणून ती पिशवीत बांधून ठेवतात. यांच्यातल्याच हॅलोबॅक्टेरियमच्या स्लाइडवर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब सोडा, पेशी डोळ्यादेखत फुटून जातात.

चोडण, कुंभारजुव्याकडच्या खारफुटीत पडून कुजणाऱ्या पानांवर समुद्री बुरशी असते आणि थ्रॉस्टोकायट्रिड नावाचे बुरशीसारखे दिसणारे सूक्ष्मजीवही, ज्यांच्यापासून डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल मिळतं. त्यांना पकडायला पाण्यात पाइनचे परागकण टाकतात, ते येऊन त्यावर चिकटतात. एनआयओने लक्षद्वीपच्या कुजक्या समुद्री गवतातून काढलेली फ्लॅवोडॉन फ्लॅवस ही बुरशी मळीच्या सांडपाण्याचा काळपट रंग घालवते. काजूच्या नीऱ्यात (बोंडांच्या रसात) आपोआप आंबवणाऱ्या रानटी यीस्टचंही नीट संकलन व्हायला हवं, फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला पण ती चव घडवण्यात ज्यांचा हात त्यांच्याकडे तेवढं लक्ष जात नाही.

जमवणं त्यामानाने सोपं, खरं काम जपण्याचं. स्लँटवर (तिरक्या अगारच्या नळीत) पुन्हा पुन्हा उतरवत राहिलं तर जीव बदलतो, कधी एन्झाइम किंवा रंग बनवायचंच सोडून देतो. म्हणून ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशाला, किंवा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ ला, नाहीतर फ्रीझ-ड्राय करून काचेच्या अँप्यूलमध्ये (छोट्या बंद नळीत) सील करतात. सगळ्यांना एकच पद्धत चालत नाही, उष्ण प्रदेशातले काही जीव तर साध्या फ्रिजच्या ४ अंशातही मरतात. त्यात पावसाळ्यात लाइट गेली की डीप फ्रीझरला जनरेटर लागतोच.

या साठ्याची किंमत काय असते बघा. एरिथ्रोमायसिन हे औषध फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीतून आलं, तिथले डॉक्टर अबेलार्दो अगिलार यांनी १९४९ मध्ये सॅम्पल अमेरिकेत पाठवलं आणि रॉयल्टीचा एक पैसा त्यांना मिळाला नाही. आपल्याकडे आता २००२ चा जैवविविधता कायदा आहे, परदेशी कंपनीला किंवा संशोधकाला इथला जीव घ्यायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते.

पीएचडी झाली, गाइड रिटायर झाले की फ्रीझरमधल्या ट्यूब कुणाच्या नसतात आणि कष्टाने काढलेले स्ट्रेन (जीवांचे वेगवेगळे वाण) असेच जातात, हे थांबवायचं तर थीसिस चालू असतानाच एक प्रत बाहेर जमा करावी. औद्योगिक जीवांसाठी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं (एनसीएल) एनसीआयएम हे कलेक्शन (१९५१), बुरशीसाठी आघारकर संस्था आणि चंडीगडला एमटीसीसी हे सूक्ष्मजीवांचं कलेक्शन (१९८६) आहे. पेटंटचा स्ट्रेन असेल तर पेटंटसाठी जमा केलेल्या सूक्ष्मजीवांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करारानुसार तो निदान ३० वर्षं सांभाळावा लागतो. जमा करताना जागा, तारीख, मीडियम, तापमान हे सगळं सोबत द्यायचं आणि मिठागरातला जीव असेल तर मिठाचं प्रमाण न चुकता, कारण ते नसेल तर तिकडे तो उठवता येत नाही.