आमच्या जर्मन वर्गात कसं शिकवतो आणि का

नाव नोंदवण्यापूर्वी हे पत्रक सावकाश वाचावं, ही विनंती. फी आणि बॅचच्या वेळा वेगळ्या कागदावर दिल्या आहेत. इथे फक्त शिकवण्याबद्दल लिहिलं आहे, कारण आमची पद्धत गेल्या काही वर्षांत बरीच बदलली आहे.

सुरुवातीला वर्गात पाऊल टाकलं की फक्त जर्मन, असा नियम होता. त्यामागचा विचार चांगलाच आहे. भाषा कानावर जितकी पडेल तितकी हवीच. पण शिकवता शिकवता एक गोष्ट ठळक होत गेली : मराठी माणूस जर्मन शिकायला रिकाम्या हातांनी येत नाही. नामांना तीन लिंगं असतात याचं त्याला नवल वाटत नाही. एकवीस म्हणताना आपण एक आधी उच्चारतो, जर्मन माणूसही तसंच करतो. 'मला थंडी वाजते' म्हणताना आपण 'मी' वापरत नाही, 'मला' वापरतो. जर्मनमध्ये 'मिर इस्ट काल्ट' म्हणतात, त्यातला 'मिर' म्हणजे हाच 'मला'. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्या सवयीचं. हेच सगळं इंग्रजीतून समजावलं की उगाच अवघड होतं. म्हणून नवा नियम आला की आम्ही तो आधी मोकळेपणानं मराठीत उलगडतो आणि मग उरलेला तास जर्मनमध्ये घालवतो.

मराठी जिथे चकवते तिथे मात्र जास्त वेळ थांबतो. 'मी त्याला पाहिलं' आणि 'मी त्याला पुस्तक दिलं' या दोन्ही वाक्यांत आपला 'त्याला' एकच. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी 'ईन', दुसऱ्या ठिकाणी 'ईम'. हा फरक अंगवळणी पडायला आठवडे लागतात आणि ते आम्ही देतो. लिंगंही जुळतीलच असं नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. त्यामुळे डेर, डी, डास या लिंग दाखवणाऱ्या शब्दांशिवाय एकही नाम वहीत लिहायचं नाही, हा नियम कडक आहे.

दुसरा बदल तासाच्या रचनेत झाला. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवताना नकाशे, वेळापत्रकं अशी कामं मुलांपुढे ठेवली. काम सोडवण्यात मन गुंतलं की भाषा आत्मसात होते, हा त्यांचा विचार आम्हाला मनापासून पटला. आमच्याकडे अशाच एका कामात पुण्यात नव्यानं आलेल्या जर्मन सहकाऱ्याला डेक्कनहून मंडईला मेट्रोनं कसं यायचं ते सांगावं लागतं. कुठे चढायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी कशी बदलायची, कुठे उतरायचं. चढणं, बदलणं, उतरणं ही तिन्ही जर्मन क्रियापदं वाक्यात दुभंगतात, आणि रस्ता सांगता सांगता ती तोंडात बसतात. कुणी बोलत असताना आम्ही मध्येच टोकत नाही. चुका टिपून ठेवतो आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर मांडतो. संकोची विद्यार्थी यामुळे बोलू लागतात, हे आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं.

परीक्षेबद्दल थोडक्यात. अगदी सुरुवातीच्या ए1पासून सर्वांत वरच्या सी2पर्यंत भाषेच्या सहा पातळ्या आहेत. ए1 उत्तीर्ण व्हायला 100पैकी 60 गुण लागतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात. या परीक्षा घेणाऱ्या ग्योएथे संस्थेच्या अंदाजानुसार ए1साठी 45 मिनिटांचे 80 ते 200 तास लागतात. म्हणून 'महिन्याभरात ए1' असं आश्वासन आम्ही देत नाही. जोडीदाराकडे जर्मनीला जायचं म्हणून व्हिसासाठी ए1 हवं असेल, तर मुलाखतीच्या तारखेआधी पुरेसे महिने हाताशी ठेवून या.

घरी रोज वीस मिनिटं हवीतच. एका मिनिटाचा आवाजी निरोप वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा असतो. तो आम्ही स्वतः ऐकतो आणि उत्तर देतो. पालकांनी वही तपासण्याऐवजी मुलाला मोठ्यानं वाचायला सांगावं.

फी भरण्याआधी चालू बॅचमध्ये एक पूर्ण तास बसता येतं. त्याचे पैसे घेत नाही, फक्त आदल्या दिवशी कळवा.