घरावर सोलर बसवताय? ‘पीएम सूर्यघर’साठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कसा करायचा

मे महिन्याचं वीजबिल हातात पडलं की घरोघरी एकच विषय निघतो, सोलर बसवू या का? ७८ हजारांचं अनुदान मिळतं हे सगळ्यांच्या कानावर असतं. मग एखादा विक्रेता येतो, गच्चीवर चक्कर मारतो आणि ‘तीन किलोवॉट टाकून घ्या’ असं सांगून मोकळा होतो. माझं कळकळीचं म्हणणं एवढंच, की हा आकडा विक्रेत्याने ठरवायचा नाही, तुमच्या मीटरने ठरवायचा. अर्ज भरायला फार वेळ लागत नाही. त्याआधी एक संध्याकाळ मागच्या बारा महिन्यांच्या बिलांना द्या.

आधी योजना समजून घेऊ. ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. देशातल्या एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसवायचे असं उद्दिष्ट आहे, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठेवली आहे. अनुदानाचं गणित असं : पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, त्यापुढे काही नाही. म्हणजे एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००. पाच किलोवॉट बसवलंत तरी ७८,०००च. वरच्या दोन किलोवॉटचा सगळा खर्च तुमच्या खिशातून.

म्हणूनच आधी मोजणी.

वहीत रुपये नको, युनिट लिहा

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो, जुनी बिलं महावितरणच्या ॲपवरही दिसतात. एका वहीत महिना आणि युनिट एवढंच लिहून काढा. रुपये लिहू नका. दर बदलतात, इंधन समायोजन आकार कधी लागतो कधी नाही, त्यामुळे रुपयांवरून वापर कळत नाही. लिहिताना एक पाहा. ज्या महिन्यात बिलावर रीडिंगच्या जागी ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’ किंवा ‘आरएनए’ (रीडिंग मिळालं नाही) असं काही छापलेलं असेल, तो आकडा खरा नाही, सरासरीने टाकलेला आहे. असे दोन-तीन महिने असतील तर त्यांच्यानंतरच्या खऱ्या रीडिंगमधून आधीचं खरं रीडिंग वजा करा आणि मधल्या महिन्यांनी भागा.

बिल फुगतं ते टप्प्यांमुळे, तेही इथेच ध्यानात घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा टप्पा त्याच्या दुपटीच्या आसपास, पुढे ५०० पर्यंत आणि त्यावर आणखी चढे दर. १०१ वं युनिट वापरलं की सगळीच युनिट महाग होतात असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही, महाग दर फक्त वरच्या युनिटना लागतो. पण वर स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क येतं. आणि वाचवलेलं प्रत्येक युनिट तुमच्या वापरातल्या सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. पैसा तिथे वाचतो.

आता मीटरपाशी या. सलग सात दिवस सकाळी एकाच वेळी केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटचा आकडा टिपा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी लिहिलेलं असतं (काही मीटरवर आकडा वेगळा असतो). म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातली सगळी बटणं बंद करून हा दिवा पाहा. आमच्याकडे सगळं बंद असूनही तो थांबेना. एकेक एमसीबी खाली पाडत गेलो, इन्व्हर्टरचा पाडला आणि दिवा थांबला. बॅटरी जुनी झालेली, पाणी आटलेलं, चार्ज धरत नव्हती आणि रात्रंदिवस वीज ओढत होती. बॅटरी बदलली तर महिन्याला पंचवीसेक युनिट कमी झाले. ही मोजणी केली नसती, तर तेवढ्यासाठी छपरावर आणखी एक पॅनेल चढवलं असतं.

बाकीच्यांचा हिशेबही करून बघा. ७५ वॉटचा जुना पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट घेतो, २८ वॉटचा, कमी वीज घेणारा बीएलडीसी पंखा दहाच्या आसपास. दोन किलोवॉटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे ३० युनिट. चार पंखे बदलणं हे कित्येकदा चौथ्या किलोवॉटपेक्षा स्वस्त पडतं.

एवढं झालं की संचाचा आकार ठरवणं सोपं. महाराष्ट्राच्या उन्हात एक किलोवॉट महिन्याला सरासरी १२० युनिट देतो आणि त्याला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर एक ते दोन किलोवॉट, १५० ते ३०० असेल तर दोन ते तीन, असं योजनेतच सुचवलं आहे. मे महिन्याचा आकडा धरू नका, बारा महिन्यांची सरासरी धरा. पावसाळ्यात उत्पादन घटतं, पण नेट मीटरमुळे (तुम्ही महावितरणला दिलेली आणि त्यांच्याकडून घेतलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) जमा झालेली युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात.

पात्र कोण

अटी थोड्या आहेत. अर्जदार भारतीय नागरिक हवा, घर स्वतःचं आणि छप्पर संच बसण्याजोगं हवं, घरगुती वीजजोडणी हवी आणि याआधी सौर पॅनेलसाठी सरकारी अनुदान घेतलेलं नसावं.  सोसायट्यांसाठी वेगळी तरतूद आहे : लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये, ५०० किलोवॉटपर्यंत. फ्लॅटधारकांनी आधी सोसायटीच्या सभेत गच्चीचा विषय मिटवावा.

दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना आहे. एक किलोवॉटला केंद्राचे ३०,००० आणि वर राज्याची भर : दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,०००, इतरांना १०,०००. हातावर पोट असलेल्या घरांना खरी गरज याच योजनेची आहे. तुमच्याकडे धुणीभांड्याला येणाऱ्या मावशींना, कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या काकांना हे नक्की सांगा.

कागदपत्रं, आणि त्यातला खरा अडसर

यादी लहान आहे. चालू वीजबिल, आधार कार्ड, अर्जदाराच्या नावाचं बँक पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश, छपराच्या मालकीचा पुरावा, स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल. कर्ज घेणार असाल तर पॅन आणि उत्पन्नाचे कागद.

अर्ज अडतो तो नावापाशी. बिल ज्याच्या नावावर, अर्ज त्याचा, आणि अनुदानही त्याच नावाच्या खात्यात. आमच्या घरचं बिल वडिलांच्या नावाने येत होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली होती, बिल वेळेवर भरत होतो, नाव बदलावं असं कधी मनातच आलं नाही. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला आणि समोर वडिलांचं नाव आलं. त्या नावाकडे बघत मी थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. मग अर्ज बाजूला ठेवून आधी बिलावरचं नाव बदलून घेतलं. त्यासाठी वडिलांचा मृत्यू दाखला, मालकीचा पुरावा (शहरात मिळकत पत्रिका किंवा घरपट्टीची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८) आणि बहिणीचं ना हरकत पत्र जोडलं. थकबाकी शून्य असावी लागते. हे काम महावितरणच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन करता येतं. तुमच्याकडेही बिल आजोबांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर सोलरचा विचार पक्का व्हायची वाट पाहू नका, नावाचा अर्ज आजच करा. आधार, बिल आणि पासबुक या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षरशः एकच आहे का, तेही ताडून पाहा.

अर्ज

नोंदणी फक्त ‘पीएम सूर्यघर’च्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा त्याच्या ॲपवर करा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे पाहून घ्या. नोंदणीला पैसे लागत नाहीत. कुणी ‘फाइल चार्ज’ मागितला तर देऊ नका. राज्य निवडायचं, वीज कंपनी निवडायची, बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकायचा. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. पुष्कळ विक्रेते ‘आम्ही भरून देतो’ म्हणत आपलाच नंबर टाकतात. मग अर्ज कुठे पोचला, अनुदान सुटलं का, हे सगळं त्यांच्या फोनवर येतं आणि घरमालक विचारत बसतो. ओटीपीही फोनवर कुणाला सांगू नका.

पूर्वी इथून तांत्रिक व्यवहार्यतेची, म्हणजे तुमच्या जोडणीवर संच जोडता येईल का याची, मंजुरी यायला वेळ जाई. २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. आता १० किलोवॉटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज व्यवहार्यतेच्या तपासणीशिवाय मान्य होतो, आणि मंजूर भार (जोडणीवर जास्तीत जास्त किती किलोवॉट वापरायची परवानगी आहे तो आकडा) वाढवावा लागला तर ते कामही वीज कंपनीचं.

त्यानंतर पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांमधून निवड. निदान तिघांकडून लेखी दर घ्या. दरपत्रकात पॅनेल ‘डीसीआर’ म्हणजे भारतात बनलेल्या सेलचे आहेत असं स्पष्ट लिहून घ्या, कारण अनुदान त्यांनाच मिळतं. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे, ती करारात हवी. आणि एक प्रश्न न चुकता विचारा : गावातली वीज गेली की काय? बॅटरी नसलेला साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला संच खांबावरच्या माणसाच्या सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. भर दुपारी ऊन असूनही घरात वीज नसते. तुमच्याकडे भारनियमन जास्त असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

पैसे कमी पडत असतील तर सरकारी बँका तीन किलोवॉटपर्यंत विनातारण कर्ज देतात, अर्ज ‘जनसमर्थ’ पोर्टलवरून होतो.

संच बसला की त्याचे तपशील आणि फोटो पोर्टलवर चढतात, नेट मीटरचा अर्ज होतो, महावितरणचे अभियंते येऊन तपासणी करतात आणि संच कार्यान्वित झाल्याचा दाखला निघतो. मग तुम्ही बँकेचा तपशील भरायचा. अनुदान साधारण ३० दिवसांत खात्यात जमा होतं. तोवर विक्रेत्याला पूर्ण रक्कम आपणच दिलेली असते, त्या पैशाची सोय आधीच करून ठेवा.

पहिलं बिल आल्यावर

वही मिटू नका. इन्व्हर्टरच्या ॲपवर दिसतं ते उत्पादन, घरचा वापर नव्हे. वापर काढायचा तर उत्पादनातून निर्यात (महावितरणला दिलेली वीज) वजा करायची आणि त्यात आयात (त्यांच्याकडून घेतलेली वीज) मिळवायची. समजा ॲप म्हणतं महिन्यात ३२० युनिट तयार झाली, बिलावर निर्यात १९० आणि आयात १५०. म्हणजे घरात २८० युनिट वापरली गेली, आणि ४० युनिट पुढच्या महिन्यासाठी तुमच्या नावे जमा राहिली. या बिलात वीज आकार शून्य दिसेल, स्थिर आकार मात्र भरावाच लागेल. जमा युनिटचा हिशेब दर वर्षी ३१ मार्चला मिटतो, तेव्हा उरलेल्या युनिटचे पैसे ठरलेल्या दराने मिळतात. तो दर तुमच्या घरगुती दरापेक्षा कमी असतो. एप्रिलच्या बिलावर तो आकडा आला आहे का, तेवढं तपासा.