घर बांधून उरलेल्या सामानाच्या पेट्या: आणण्याआधी एवढं वाचा

घराचं काम संपलं की बलकांवाचा, म्हणजे दारापुढच्या ओसरीचा, एक कोपरा भरतो. प्लायवूडचे अर्धे तुकडे, लाद्यांचा न उघडलेला एक खोका, सनमायकाच्या पट्ट्या, आणि कौलारू छप्पर काढून स्लॅब घातला असेल तर रिपा, वासे, एखादी जुनी दाराची फळी. कंत्राटदार म्हणतो, "टेम्पोत घालून नेतो." घरातली जुनी माणसं म्हणतात, "राहू दे, लागेल कधीतरी." दोन पावसाळे जातात आणि कोपरा तसाच राहतो, फक्त प्लायचे कोपरे फुललेले असतात.

गोव्यात फोंड्याच्या आमच्या कार्यशाळेत अशा सामानाच्या पेट्या होतात. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं आणि मखराचं सामान वर्षभर ठेवायला, पितळेची भांडी, गोधड्या, मुलांची खेळणी, बलकांवातल्या गाद्या, ज्याची जी गरज. नक्षी, रंग, लाद्यांची चौकट हे सगळं तुमच्याशी बोलून ठरवतो. पण आमच्याकडे पहिला प्रश्न वेगळाच असतो: हे सामान आपल्याकडची ओल सोसेल का? वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बंद पेटीत ओल कोंडली की बुरशी धरते, मग आतलं जरीचं मखर काय आणि नऊवारी काय, सारखंच.

लाकूड

छपराच्या रिपा आणि वासे आम्हाला सगळ्यात आवडतात. सागवान, फणस, किंवा माट्टी, ज्याला घाटावर ऐन म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षं कौलांखाली राहिलेलं लाकूड जेवढं वाकायचं, फाटायचं तेवढं कधीच वाकून-फाटून झालेलं असतं. नवं ओलं लाकूड आणून पेटी केली तर ते काम तुमच्या घरी होतं. रिपांत जुने खिळे असतात आणि खिळ्याभोवती काळा डाग असतो. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलाव्यात भेटलं की तो रंग येतो. रंध्याने वरचा थर गेला तरी काही डाग राहतात. काही गिऱ्हाइकं ते घासून काढायला सांगतात, काही मुद्दाम ठेवायला. आमचं मत विचाराल तर ठेवा. लपलेला खिळा मात्र आम्ही लोहचुंबक फिरवून शोधतो, कारण करवतीचं पातं एका खिळ्यात जातं.

बोटाने टोचून बघा. पोकळ आवाज, पिठासारखा भुसा किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी किंवा भुंगा आहे. तो तुकडा आणू नका, शेजारच्या चांगल्या लाकडालाही लागेल.

प्लाय, आणि ज्याला प्लाय समजतात ते

मॉड्युलर किचनचं उरलेलं प्लाय उत्तम. शीटच्या पाठीवर शिक्का बघा. 'आयएस 710' असेल तर ते मरिन, म्हणजे पाण्यातही टिकणारं, 'आयएस 303' असेल तर पुढे बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारं) आहे की एमआर ते वाचा. एमआर फक्त दमट हवेपुरतं. ते आम्ही पेटीच्या आतल्या कप्प्यांना वापरतो, तळाला नाही. शिक्का कापला गेला असेल तर छोटा तुकडा रात्रभर बादलीत ठेवा. पदर सुटले तर प्लाय हलकं, आणि कडा पावासारखी फुगली तर ते प्लाय नव्हेच, भुसा दाबून केलेलं एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड आहे.

3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीला साधारण साडेबावीस चौरस फूट प्लाय लागतं, म्हणजे 8 बाय 4 च्या शीटपैकी तीन चतुर्थांशाहून थोडं कमी. पण एकसंध शीट लागत नाही. सर्वांत मोठा तुकडा 3 बाय दीड फुटाचा असला की झालं.

लाद्या

आमची पहिलीच मोठी पेटी आम्ही हौसेने झाकणभर लाद्या लावून दिली होती. देखणी झाली. पण जमिनीच्या व्हिट्रिफाइड लाद्यांचंच वजन झाकणावर 9 किलो झालं, त्यात प्लायचं वेगळं. उघडायला दोन माणसं लागायची. श्रावणात लाकूड फुगलं, लादी कशाला फुगते, आणि सांध्यांतलं ग्राऊट एका रेषेत तडकलं. त्या घरच्या आजींनी वर टेबलक्लॉथ पसरला आणि पेटीचं टेबल करून टाकलं. आमच्या चुकीचा त्यांनी असा सोक्षमोक्ष लावला.

आता लाद्या आम्ही बाजूंना लावतो, झाकणावर फार तर मधोमध एक पट्टा. शक्यतो भिंतीच्या सिरॅमिक लाद्या, त्या पातळ आणि हलक्या असतात. सिमेंटऐवजी लवचीक चिकटा, आणि लादी व लाकूड यांच्यामध्ये 2-3 मिलिमीटर जागा. तुटक्या लाद्याही चालतात, चायना मोझॅकसारख्या बसवतो. कापणं नेहमी पाणी घालून, कारण कोरडी कापली की उडणारी धूळ फुप्फुसात बसते.

एक सांगून ठेवतो, आमच्या धंद्याला तोटा झाला तरी: सगळ्या लाद्या आम्हाला देऊ नका. पाच-सहा अखंड लाद्या खोक्यासकट घरी ठेवा. उद्या न्हाणीघरात नळ फुटून लादी काढावी लागली तर त्याच बॅचची छटा बाजारात मिळत नाही.

हे आणू नका

सिमेंटचे जुने पत्रे. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि आम्ही ते कापत नाही, कितीही पैसे दिलेत तरी. जांभ्याचे चिरेही नकोत. जड असतात, छिद्रांत पाणी धरतात, आणि पेटीला त्यांचा काही उपयोग नाही.

जुनी रंगवलेली दारं आणा, पण घरी घासू नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल ते बघून कळत नाही. आम्ही ओलं करून खरवडतो.

जुन्या खिडक्यांतली शिंपल्यांची तावदानं लावून द्या, अशी मागणी वर्षातून दोन-चारदा येते. त्या शिंपल्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा आम्ही शिंपले विकत घेत नाही, विकत नाही आणि बसवतही नाही. तशी झाक हवी असेल तर दुधी काच लावून देतो.

पेटी घरी आल्यावर

प्रत्येक पेटीला वाशांच्या तुकड्यांचे 4 इंचांचे पाय असतात, आणि तळाला व मागच्या बाजूला भोकं. त्यांवर स्टीलची जाळी. भोकं बुजवू नका. ती हवेसाठी आहेत, आणि खेळण्यांच्या पेटीत लपायला गेलेल्या पोरासाठीही. त्याच कारणाने खेळण्यांच्या पेटीला आपोआप लागणारी कडी आम्ही बसवत नाही, आणि झाकण हळू खाली येईल असा आधार देतो. पेटी भिंतीला चिकटवू नका, तीन बोटं जागा सोडा.

बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. समुद्राजवळ राहत असाल तर आधी सांगा, तिथे 316 जातीचं स्टेनलेस लावतो. साध्या लोखंडाला खारं वारं एका मोसमात खातं.

मे महिन्यात दिलेल्या पेटीचं झाकण सैल वाटेल. तक्रार करण्याआधी जुलैपर्यंत थांबा, तेव्हा ते नेमकं बसतं. तरीही घासत असेल तर पहिल्या पावसाळ्यानंतर रंधा मारून देऊ, त्याचे पैसे नाहीत. फक्त पेटी रिकामी करून आणा. गेल्या खेपेला एकीत चवथीचे फटाके होते.