सहावी ते आठवी : अमेरिकेतल्या जादा तासांचा शंभर वर्षांचा हिशेब

मागे पडलेल्या मुलांना शाळेने वेगळी मदत द्यावी, हा विचार रुजण्याआधी ती मुले मोजण्याचे साधन आले. नेहमीच्या वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशी मुले हेरण्यासाठी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमोन यांनी १९०५ साली चाचणी तयार केली. बिनेला त्या मुलांना शिकवायचे होते. अमेरिकेत पोचल्यावर मात्र त्याच चाचणीचा बुद्ध्यांकाचा शिक्का झाला.

त्याच सुमारास तिथे मधल्या इयत्तांची वेगळी शाळा सुरू झाली. ओहायोतल्या कोलंबस शहरात १९०९ साली सातवी ते नववीची 'ज्युनिअर हायस्कूल' उघडली. सहावी ते आठवीची 'मिडल स्कूल' १९६०च्या दशकात पसरली. खरी अडचण इथेच होती. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक दिवसभर वर्गावर असतो, मूल कुठे अडले हे त्याला दिसते. इथे तासागणिक शिक्षक बदलतो. गणिताच्या सरांना गणित दिसते, भाषेच्या बाईंना भाषा. अख्खे मूल कुणालाच दिसत नाही.

सरकारी पैसा आला तो १९६५च्या शिक्षण कायद्याने. त्यातल्या 'टायटल वन' तरतुदीखाली गरीब मुलांचे प्रमाण जास्त असलेल्या शाळांना निधी मिळू लागला. त्यातून सर्रास झालेली पद्धत म्हणजे मुलाला वर्गातून उठवून बाजूच्या खोलीत नेणे. म्हणजे वाचन कच्चे असलेले मूल कित्येकदा वाचनाच्याच तासाला वर्गाबाहेर! वेळ वाढत नव्हता, फक्त खोली बदलत होती. शिवाय पैशाचा मोठा वाटा खालच्या इयत्तांवर खर्च होई. पाया पक्का केला की वरचे आपोआप सावरेल, हे गृहीतक त्यामागे होते. ते अपुरे आहे हे वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनाचे टप्पे मांडले तेव्हा स्पष्ट झाले : चौथीच्या आसपास मूल वाचायला शिकणे संपवून शिकण्यासाठी वाचू लागते, आणि शब्दसंग्रह तोकडा असेल तर तिथून पुढे इतिहास, विज्ञान सगळेच जड जाते.

दरम्यान शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एक आकडा मांडला. शिक्षकाने एकेकट्याला शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. इतका मोठा फरक नंतरच्या मोठ्या प्रयोगांत दिसला नाही, तरी शिकवणीच्या बाजूने आजही तोच आकडा पुढे केला जातो.

२००२च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची चाचणी सक्तीची केली. मधल्या इयत्ता एकदम उजेडात आल्या आणि अनेक शाळांनी गणिताचे दुहेरी तास लावले. ते तास बहुतेकदा चित्रकला, संगीत, सामाजिक शास्त्रे यांच्याकडून घेतलेले. शाळेत येण्याचे ज्या मुलाचे तेवढेच कारण होते, त्याचे काय?

हा प्रश्न भाबडा नाही. फिलाडेल्फियातल्या सहावीच्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या शिक्षण-संशोधक रॉबर्ट बाल्फान्झ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली धोक्याच्या खुणा मांडल्या : ८० टक्क्यांहून कमी हजेरी, गणितात किंवा इंग्रजीत नापास, वर्तनाचा खराब शेरा. यातली एकही खूण असलेली बहुतेक मुले शाळा वेळेत पुरी करू शकली नाहीत. तेव्हापासून मदतीच्या यादीत हजेरीही आली. गैरहजर मुलाच्या घरी फोन करणे हा अभ्यासाचाच भाग ठरला.

कोविडनंतर अनेक शाळांनी शिकवणी शाळा सुटल्यावर न ठेवता वेळापत्रकातच बसवली : छोटा गट, तोच शिक्षक, आठवड्यातून किमान तीनदा. शाळा सुटल्यावर ठेवली की ज्यांना गरज असते तेच थांबत नाहीत, हा जुना अनुभव होता. आता वेळापत्रक आखणाऱ्यापुढे पुन्हा तेच : तो तास कोणत्या विषयाचा काढायचा?