स्क्रीन कोरी दिसली म्हणून…

धातूच्या आत लपलेली चीर ध्वनी सोडून शोधतात, तो ध्वनी सोडणारा आणि परत टिपणारा तुकडा म्हणजे अल्ट्रासॉनिक प्रोब. पोलादाच्या प्लेटवर तो कोरडाच टेकवला, तर मशिन गप्प राहतं. प्रोब आणि धातूच्या मध्ये केसाहून पातळ हवेचा थर उरतो, आणि जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. म्हणून आधी तेल, ग्रीस किंवा जेल चोपडायचं. त्याला कपलंट म्हणतात. गंमत म्हणजे आतली चीर सापडते तीही तिच्यातल्या हवेमुळेच. बाहेर नडणारी हवा आत चहाडी करते.

हिशेब सोपा आहे. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर धावतो. 25 मिलिमीटर जाडीच्या प्लेटचा तळ गाठून परत यायला त्याला साडेआठ मायक्रोसेकंद लागतात. त्याआधीच स्क्रीनवर प्रतिध्वनीचं टोक उठलं, तर वाटेत काहीतरी आहे. मात्र मशिन फक्त वेळ मोजतं, वेग आपण भरायचा. पोलादासाठी लावलेलं मशिन तसंच ॲल्युमिनियमवर नेलं, तर जाडी सुमारे 6 टक्के कमी दिसेल. म्हणून काम सुरू करण्याआधी त्याच धातूच्या, माहीत असलेल्या जाडीच्या ठोकळ्यावर मशिन जुळवून घ्यायचं, म्हणजे कॅलिब्रेशन करायचं.

खरी गोची दिशेची. काचेचा तुकडा समोरून चमकतो, कडेने पाहिला तर दिसतही नाही, चिरेचं तसंच. वेल्डमधल्या उभ्या चिरेवर सरळ वरून ध्वनी सोडला, तर तो तिला समांतर खाली निघून जातो. त्यासाठी ध्वनी तिरका सोडणारे 45, 60 किंवा 70 अंशांचे अँगल प्रोब वापरतात.

बारीक दोष पकडायचा तर फ्रीक्वेन्सी वाढवावी लागते. 5 मेगाहर्ट्झला पोलादातली तरंगलांबी जेमतेम 1.2 मिलिमीटर भरते आणि ढोबळमानाने तिच्या निम्म्या आकाराचा दोष कळू शकतो. पण फ्रीक्वेन्सी चढवली, की धातूचे कणच ध्वनी विखुरू लागतात. बिडाचं ओतकाम किंवा ऑस्टेनिटिक जातीच्या स्टेनलेस स्टीलचा वेल्ड तपासताना स्क्रीनभर गवत उगवल्यासारखं दिसतं. या कामातली माणसं त्याला ‘ग्रास’च म्हणतात. त्यात खरा दोष कोणता, हे ओळखायला मुरलेली नजर लागते. शिवाय पृष्ठभागाच्या अगदी खालचा पट्टा साध्या प्रोबला दिसत नाही, आणि गंज किंवा वेल्डिंगचे उडालेले थेंब घासून काढल्याशिवाय तर सुरुवातच नको.

म्हणून स्क्रीन कोरी दिसली, म्हणजे दोषाचं टोक कुठे नसलं, तरी मला आधी तळाचा प्रतिध्वनी बघावासा वाटतो. तो जागेवर असेल तर ध्वनी निदान तळाला जाऊन आलाय. तो खुजा झाला किंवा गायबच असेल, तर जेल सुकलंय, नाहीतर तिरकी चीर ध्वनी भलतीकडे वळवतेय. अँगल प्रोबला ही सोयही नाही. सपाट प्लेटमध्ये त्याचा ध्वनी तळावरून पुढेच निघून जातो. त्यामुळे वेल्ड तपासण्याआधी शेजारची प्लेट सरळ प्रोबने चाळून घेतात. तिच्या पोटात थर सुटलेला असला, तर अँगल प्रोबचा ध्वनी वेल्डपर्यंत पोहोचणारच नाही.